ब्रिगेडियरची बदली

मधुसूदन टिपणीस आंघोळीनंतर बेडरूममधून इतक्या जोरात ओरडले, की स्वयंपाकघरात हेमाताईंच्या हातातली पोळी तव्याऐवजी ओट्यावर पडली. पाय घसरला असणार, खुब्याचं हाड गेलं असणार, क्षिप्राचं लग्न तोंडावर आणि वधुपिता प्लॅस्टरमध्ये, इथपर्यंतचं सगळं त्यांनी बेडरूमच्या दारापर्यंत पोचेस्तोवर मनात उरकून घेतलं. आत जाऊन बघतात तो टिपणीस दोन्ही पायांवर धडधाकट उभे. अंगात बनियन, हातात हिरवी बाटली आणि चेहरा नुकताच कोणी गेल्याचा फोन आल्यासारखा.

"हा तो नाही," ते म्हणाले.

"कोण?"

"ब्रिगेडियर."

ब्रिगेडियर म्हणजे पुरुषांनी दाढीनंतर लावायचं कोलन. हिरव्या जाड काचेची बाटली, पितळी रंगाचं झाकण आणि लेबलावर मिशीवाला एक माणूस. टिपणीस वागळे इस्टेटमधल्या एका रंगाच्या कारखान्यात दर्जा तपासणीचे साहेब होते, तेव्हापासून गालावर ब्रिगेडियर लावल्याशिवाय ते घराबाहेर पडलेले नाहीत. साहेबांच्या आधी साहेबांचा वास खात्यात पोचायचा आणि तो आला की कामगार चहाचे ग्लास डब्यांमागे सरकवायचे. निवृत्तीनंतर टेबल गेलं, खुर्ची गेली, सह्या गेल्या. राहिला होता तो एवढा वास.

हेमाताईंनी बाटली नाकाशी नेली. "तोच तर आहे."

"आत्ता तोच आहे. अर्ध्या तासानं बघ."

आता ब्रिगेडियरचा स्वभाव थोडा सांगायला हवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच झालं. जुना ब्रिगेडियर लावला की आधी लिंबाची साल सोलल्यासारखा झणका यायचा. तो निवला की कपड्यांच्या कपाटासारखं काहीतरी शांत, सभ्य यायचं. आणि मग अर्ध्या-पाऊण तासानं अंगाची ऊब लागली की खरा ब्रिगेडियर वर यायचा. जंगलातल्या एखाद्या जुन्या सरकारी विश्रामगृहाचं दार उघडावं आणि आतून लाकूड, चामडं आणि झाडाच्या खोडावरची ओल यांचा मिळून एक भारदस्त वास अंगावर यावा, तसा. नव्या बाटलीत लिंबू होतं, कपाटही होतं. पण अर्ध्या तासानं विश्रामगृहाचं दार उघडलं तर आत कापून ठेवलेलं टरबूज! नाटकाचा पहिला अंक बिनचूक व्हावा आणि दुसऱ्या अंकात नायकाच्या जागी मांडववाला उभा राहावा, तसं झालं.

टिपणीसांनी दुसरी बाटली आणली. टरबूज. दुसऱ्या दुकानातून तिसरी आणली. टरबूजच.

दुकानदार म्हणाला, "साहेब, माल तोच आहे. तुम्हाला कोविड झालेला का?"

हे वाक्य टिपणीसांना फार लागलं. ज्या नाकानं रंगाचं नुसतं झाकण उघडून थिनरमधली भेसळ सांगितली, त्या नाकावर एका किरकोळ दुकानदारानं शंका घ्यावी! घरी येऊन त्यांनी ही व्यथा जिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी उत्तमराव यांना सांगितली. चूक तिथेच झाली. उत्तमरावांना सांगितलेली गोष्ट म्हणजे सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावलेली गोष्ट. संध्याकाळपर्यंत टिपणीसांचं नाक हा सबंध इमारतीच्या काळजीचा विषय झाला होता. पहिल्या मजल्यावरून नाकात गाईचं तूप सोडण्याचा सल्ला आला. तिसऱ्या मजल्यावरच्या रखमाबाईंनी ओव्याची पुरचुंडी पाठवली. त्यांच्या दिरालाही असंच वासाचं झालं होतं आणि पुढे त्याला काही दिसेनासं झालं, असा दिलासाही बरोबर पाठवला. स्वतः उत्तमरावांचं मत पडलं की नाक-कान-घशाच्या डॉक्टरला दाखवून लेखी घ्यावं. लेखी असलेलं बरं असतं.

टेंभी नाक्याजवळच्या डॉक्टरांनी टिपणीसांना डोळे मिटायला लावले आणि एकेक कुपी नाकाखाली धरली. टिपणीसांनी लवंग ओळखली, कापूर ओळखला, कॉफी ओळखली. मग डॉक्टरांनी दुपारी मेथीची भाजी खाल्ल्याचं त्यांनी न विचारता ओळखलं आणि दवाखान्याच्या भिंतीला लावलेल्या रंगात कंत्राटदारानं पाणी मारल्याचंही सांगितलं. डॉक्टर गंभीर झाले. नाक उत्तम असल्याचं त्यांनी लिहून दिलं आणि तो कंत्राटदार त्यांचा मेव्हणा असल्यामुळे पुढचा पेशंट लगेच आत बोलावला.

नाक शाबूत म्हटल्यावर आता खोट कंपनीची. टिपणीसांनी ग्राहक सेवेला फोन लावला.

"सर, बाटली लीक आहे का?" पलीकडच्या मुलीनं विचारलं.

"नाही."

"स्प्रे जाम आहे?"

"नाही हो. वासाची तक्रार आहे."

"वास येत नाहीये?"

"येतोय. पण दुसऱ्याच कोणाचा तरी येतोय."

पलीकडे थोडा वेळ नुसता की-बोर्ड वाजला. "सर, वास अशी कॅटेगरी नाहीये. मी 'इतर'मध्ये टाकते. तुम्हाला लिंक येईल, त्याच्यावर प्रॉब्लेमचा फोटो अपलोड करा."

"वासाचा फोटो?"

"प्रॉब्लेम क्लिअर दिसला पाहिजे सर. नाहीतर सिस्टीम घेत नाही."

टिपणीस हे नियमानं चालणारे गृहस्थ. त्यांनी बाटलीचा फोटो काढून पाठवला. सिस्टीमनं तो नाकारला, कारण त्यात प्रॉब्लेम दिसत नव्हता. मग तळमजल्यावरच्या इलेक्ट्रिशियन सुदेशला बोलावून त्यांनी दुसरा फोटो काढवून घेतला. त्यात त्यांच्या एका हातात बाटली होती आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत स्वतःचं नाक. हा सिस्टीमनं ताबडतोब घेतला. पण सुदेशच्या मोबाइलमधून तो सोसायटीच्या ग्रुपवर कसा गेला, हे शेवटपर्यंत उघडकीला आलं नाही.

कंपनीचं उत्तर आलं. आंतरराष्ट्रीय निकषांना अनुसरून उत्पादनाच्या रचनेत किरकोळ बदल केला असून ग्राहकाच्या अनुभवात कोणताही फरक पडणार नाही. खाली पाच चांदण्या काढून विचारलं होतं, आमची सेवा कशी वाटली?

"किरकोळ!" टिपणीस कडाडले. "मिशी कापून वर म्हणतात किरकोळ!"

त्यांचा होणारा जावई अद्वय त्या दिवशी घरी आला होता. डोंबिवलीचा मुलगा, पोंक्ष्यांचा, कॉम्प्युटरमधला. क्षिप्राशी त्याचं परस्पर जमलं होतं आणि सासऱ्याशीही जमावं अशी त्याची मनापासून इच्छा होती. त्यानं तिथल्या तिथे मोबाइलवर शोधून सांगितलं, "काका, जगभर लोक रडतायत. हे बघा, पोलंडमधला एक जण म्हणतो, माझा ब्रिगेडियर मेला आणि त्याचे कपडे घालून कोणी भलताच फिरतोय."

टिपणीसांचे डोळे पाणावले. पोलंडमध्ये का होईना, पण एक माणूस निघाला!

"त्यात एक वनस्पती असायची," अद्वय पुढे वाचत होता. "ओक झाडाच्या खोडावर वाढते. शेवाळासारखी. खालचा जो डीप वास आहे ना, तो तिचा. पण काही लोकांच्या त्वचेवर पुरळ उठतं, म्हणून ती कमी करायला लावली."

"कोणाच्या त्वचेवर?"

"युरोपातल्या काही लोकांच्या."

"मग त्यांनी लावू नये ना! त्यांना पुरळ उठतं म्हणून पाचपाखाडीतल्या माणसानं टरबूज लावून हिंडायचं?"

जुन्या घडणीची एखादी बाटली कुठे पडून असेल तर बघा, असं अद्वयनं सुचवलं. कंपनीचं उत्तर बघायला वर आलेला सुदेश म्हणाला, "काका, विठ्ठलवाडीला एक दुकान आहे. मी गेलेलो एकदा ट्यूबलाइटचा माल बघायला. त्याच्याकडे आजोबांच्या जमान्यातल्या पण वस्तू भेटतात. चला, स्कूटर काढतो."

विठ्ठलवाडीच्या दुकानदारानं शिडी लावून वरच्या फळीवरून खरोखर एक धुळकट खोका काढला. आत जुना ब्रिगेडियर! तीच मिशी, तेच झाकण. टिपणीसांनी ते उघडलं, हुंगलं आणि पुन्हा बंद केलं. आत थिनर होतं.

"माल ओरिजिनल आहे साहेब," दुकानदार प्रामाणिकपणे म्हणाला. "पण इतकी वर्षं उन्हात राहिलाय. वास म्हातारा झालाय."

परतीच्या वाटेवर पेट्रोल पंपावर सुदेशनं सांत्वन म्हणून विचारलं, "काका, दुसरा कुठला सेंट घेऊ या काय? माझा बघा, चॉकलेटचा आहे." त्यावर टिपणीसांनी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर सुदेशनं पुढे बरेच दिवस लोकांना करून दाखवली.

इथे हे प्रकरण मिटायला हरकत नव्हती. पण त्याच आठवड्यात हेमाताईंनी लग्नघरासाठी गोडा मसाला करायला घेतला. एकेक जिन्नस कढईत भाजत होत्या. हॉलमध्ये पेपर वाचणारे टिपणीस एकदम ताठ झाले, उठले आणि नाकाच्या मागोमाग चालत स्वयंपाकघरात आले.

"हा! हाच तो! काय भाजतेस तू?"

"दगडफूल."

टिपणीसांनी कढईतून ती काळी-करडी, सुरकुतलेली पापुद्र्यासारखी चिमूट उचलली आणि तळहातावर घेऊन बघत राहिले. झाडाच्या खोडावर, दगडावर वाढणारी, शेवाळासारखी! युरोपातल्या लोकांनी ज्याच्यासाठी एवढे कायदे केले, त्याचं सख्खं चुलत भावंड त्यांच्याच घरात आमटीत पडत होतं.

यानंतर टिपणीसांच्या गॅलरीत प्रयोगशाळा उभी राहिली. त्यांनी हेमाताईंच्या फडताळातून दगडफुलाचा डबा काढला, त्यातली मूठभर दगडफुलं नव्या ब्रिगेडियरच्या बाटलीत कोंबली आणि बाटली उन्हात ठेवली. कागदाच्या पट्ट्या कापल्या. सकाळी हुंगायचं, संध्याकाळी हुंगायचं, मान डोलवायची. कारखान्यात ते स्वतः नव्या पोरांना बजावत, की एका दमात फार हुंगू नका, नाक मरतं, मधून मधून बाहेर जाऊन या. पण साहेब स्वतःच प्रयोग करत असले की त्यांना बजावायला कोणी नसतं.

आणि आणखी एक बारीकशी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. दगडफुलं ज्या डब्यात होती, त्यात आधी सोडे असत. सोडे म्हणजे सोलून उन्हात वाळवलेली कोळंबी. टिपणीसांच्या घराण्यात सोन्यानंतर मान त्यांचा. अलिबागहून हेमाताईंची बहीण दर वर्षी पाठवायची. सोडे संपले, डबा घासला, त्यात दगडफुलं भरली. डबा कितीही घासला तरी सोडे आपली आठवण ठेवून जातात. ती त्या दगडफुलांनी मन लावून शोषून घेतली होती आणि आता ती ब्रिगेडियरच्या स्पिरिटमध्ये निवांत उतरत होती. टिपणीसांच्या घरात कोणाला तो वास वेगळा जाणवण्याचा प्रश्नच नव्हता. त्या घराच्या भिंतींनाच तो होता.

रविवारी डोंबिवलीला पोंक्ष्यांकडे बोलणी करायला जायचं होतं. लग्नाचा हॉल ठरला होता, तारीख ठरली होती. अडलं होतं ते जेवणावर. अद्वयचे वडील आबा पोंक्षे बँकेतून निवृत्त झालेले, करड्या शिस्तीचे. त्यांनी फोनवरच सांगून ठेवलं होतं, "चातुर्मासात आमच्याकडे लसूणसुद्धा घराबाहेर जातो." इकडे टिपणीसांचे अलिबागचे नातेवाईक हटून बसले होते, की हळदीला मासळी नसेल तर आम्ही लग्नाला येऊन काय करू? गेल्या वेळी याच मुद्द्यावर बोलणी फिसकटता फिसकटता राहिली होती आणि क्षिप्रा दोन दिवस जेवली नव्हती. हेमाताईंनी नवऱ्याला बजावलं, "हळद आपण आपल्या घरी करू, त्यांना कशाला सांगायचं? पण तिथे मासळीचं, सोड्याचं, कशाकशाचं नाव काढायचं नाही. कळलं?"

"मी कशाला काढू?" टिपणीस म्हणाले आणि आरशासमोर उभं राहून त्यांनी नवसंस्कारित ब्रिगेडियर दोन्ही गालांवर, मानेवर आणि प्रसंगाचं महत्त्व ओळखून थोडा छातीवरही लावला. लिंबाचा झणका आला. डोळे मिटून ते क्षणभर तसेच उभे राहिले. आज खूप दिवसांनी साहेब बाहेर पडत होते.

शिळफाट्यावरून टॅक्सी डोंबिवलीकडे वळली तेव्हा हेमाताई अस्वस्थ होऊ लागल्या. त्यांनी पर्स उघडून आत पाहिलं. मग स्वतःचे हात हुंगले. कालच त्यांनी सोड्यांचा नवा डबा भरला होता. त्यांनी गुपचूप हाताला सॅनिटायझर चोळलं. पुन्हा हुंगलं, पुन्हा चोळलं. ड्रायव्हरनं काच खाली केली. नवऱ्याला सांगावं तर तो म्हणेल, मला बजावतेस आणि स्वतःच घेऊन आलीस! त्यांनी हात पदराखाली लपवले.

पोंक्ष्यांचा हॉल स्वच्छ, टापटीप. क्षिप्रा आधीच येऊन बसली होती. आबा खुर्चीत ताठ बसलेले, शेजारी त्यांच्या पत्नी जयाताई. पंखा टिपणीसांच्या पाठीमागून फिरत होता. घर सोडून पाऊण तास झाला होता आणि ब्रिगेडियर स्वभावाप्रमाणे अगदी वेळेवर वर आला.

पहिल्यांदा जयाताईंनी श्वास घेतला आणि सोडायच्या थांबल्या. "खालच्या मजल्यावरचे असणार," म्हणत त्यांनी खिडकी लावली. खिडकी लावल्यावर वास वाढला. त्यांनी उदबत्ती लावली. उदबत्तीच्या धुरात तो वास आणखीच खुलला, एखाद्या गवयाला तंबोऱ्याची साथ मिळावी तसा. हेमाताईंनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. एवढ्यात दारातून शेजाऱ्यांची मांजर आली. ही मांजर पोंक्ष्यांच्या उंबऱ्यात कधी पाऊल टाकत नसे, कारण आत तिच्या उपयोगाचं काही नाही हे तिला ठाऊक होतं. ती सरळ टिपणीसांकडे गेली, त्यांच्या मांडीवर चढली आणि भक्तिभावानं त्यांची मान हुंगू लागली.

"तुम्हाला मांजरांची आवड दिसते," आबा म्हणाले.

"छे! म्हणजे... हो," टिपणीस म्हणाले.

आबांनी चष्मा लावला आणि जेवणाचा बेत सांगायला घेतला. "वरणभात, अळूचं फदफदं, बटाट्याची भाजी, मठ्ठा, जिलबी आणि..." ते थांबले. त्यांनी डोळे मिटले. नाकपुड्या हलल्या. त्या करड्या चेहऱ्यावरची एकेक घडी सैल होत गेली आणि फार दिवसांनी कोणी जिवाभावाचं भेटावं अशा आवाजात ते म्हणाले,

"सोडे! वांगं घालून..."

"बाबा?" अद्वय म्हणाला.

जयाताई सावकाश नवऱ्याकडे वळल्या. "हा सोड्याचा वास आहे, हे मला कळलं नाही. इथे कोणालाच कळलं नाही. तुम्हाला कसं कळलं हो?"

आबांनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा टिपणीसांनी पाहिला आणि त्यांना तो चेहरा एकदम ओळखीचा वाटला. डब्यामागे चहाचा ग्लास सरकवता सरकवता पकडल्या गेलेल्या माणसाचा चेहरा. तसे चेहरे त्यांनी जन्मभर पाहिले होते, आणि आजवर त्यांतल्या एकालाही सोडलं नव्हतं. एकीकडे त्यांचा हात नकळत स्वतःच्या मानेकडे गेला, बोटं नाकाशी आली. तासभर बाटलीपासून लांब राहिल्यामुळे नाक जागं झालं होतं. त्यांना सगळं कळलं. दगडफूल कळलं, डबा कळला, मांजर कळली.

गप्प बसता आलं असतं. आता पेचात आबा होते आणि घाम त्यांना फुटला होता. हळदीचा प्रश्नही परस्पर सुटला असता. टिपणीसांनी मांजर खाली ठेवली आणि ते उभे राहिले.

"जयाताई, आबांना मी सांगितलं. मघाशी दारात चप्पल काढताना. म्हटलं, आबा, मला आज वांगं घातलेल्या सोड्यांचा वास येतोय, तेवढं सांभाळून घ्या."

"तुम्हाला?"

"मला. हा माझा सेंट आहे."

आणि मग मधुसूदन टिपणीसांनी, ज्यांच्या वासानं एके काळी पूर्ण खातं उभं राहायचं, होणाऱ्या विहिणीसमोर उभं राहून सगळं सांगितलं. टरबूज सांगितलं, युरोपातलं पुरळ सांगितलं, दगडफूल सांगितलं, डबाही सांगितला. क्षिप्रानं ओढणीत तोंड लपवलं. आबा जमिनीकडे बघत ऐकत होते आणि मधून मधून "हो, म्हणाले मला, दारात," असं पुटपुटत होते.

सांगून झाल्यावर कोणी काही बोलण्याआधी हेमाताई ओरडल्या, "म्हणजे माझे हात नव्हते!" आणि त्यांनी मांड्यांखालून दोन्ही हात काढून सगळ्यांना दाखवले.

जयाताई हसल्या. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, मग सोफ्याला धरून. त्यांना असं हसताना अद्वयनं कधी पाहिलं नव्हतं. "अहो, आधी आंघोळ करून या तुम्ही," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "मांजर जाईना झालीय."

टिपणीसांना बेसन लावून आंघोळ करावी लागली. आबा टॉवेल आणि आपला एक सदरा घेऊन बाथरूमच्या दाराशी आले. दार किलकिलं करून दबक्या आवाजात म्हणाले, "शाखेत प्रधान म्हणून होते. शेजारच्या टेबलावर. वीस वर्षं दर बुधवारी त्यांचा डबा मी खायचो आणि माझा ते. निवृत्त झालो आणि संपलं." टॉवेल आत सरकवत ते म्हणाले, "तुम्ही आज फार केलंत."

"हळदीला आमचे अलिबागचे..." टिपणीस साबण चोळत म्हणाले.

"तुमच्या घरी तुम्ही काय करता, ते मी कशाला विचारू?" आबा म्हणाले. "पण मला बोलावणार की नाही?"

बोलणी पाच मिनिटांत उरकली. आबांचा दोन मापं मोठा सदरा घालून टिपणीस टॅक्सीत बसले. शिळफाट्यापर्यंत हेमाताईंचं हसणं थांबत नव्हतं. ते ओसरल्यावर टिपणीसांनी खिडकीबाहेर बघत विचारलं, "जुना तुला आवडायचा ना, ब्रिगेडियर?"

"आवडायचा असं नाही. ओल्या स्वेटरसारखा होता जरा." मग त्या म्हणाल्या, "पण जिन्यातून वर आला की मी पोळी टाकायचे. तुम्ही आलात हे कळायचं."

टिपणीसांनी नव्या घडणीची, दगडफूल न घातलेली उरलेली बाटली दुसऱ्याच दिवशी अद्वयला देऊन टाकली. त्याला ती आवडली. "फ्रेश आहे काका," तो म्हणाला, आणि टिपणीसांनी तोही घाव सोसला. गालाला आता ते नुसती तुरटी फिरवतात. संध्याकाळी फिरून आले की जिन्यातूनच मोठ्यानं खोकतात.

लग्नाची खरेदी, पत्रिका, भटजी अशी कामं निघाल्यामुळे आबांना दर रविवारी ठाण्याला यावं लागू लागलं. विहीणबाईंना कशाला दगदग, म्हणून ते एकटेच येत. कामं जेवायच्या वेळेलाच निघत आणि हेमाताई सोड्यांच्या खिचडीत वांगं घालायला विसरत नसत. जाताना आबा बडीशेप खात, वेलची खात, आणि तरीही घरी कोणी विचारलंच तर काय सांगायचं, ते त्यांनी टिपणीसांशी बोलून पक्कं केलं होतं. टिपणीसांनी मिठी मारली, त्यांचा ब्रिगेडियर लागला.

असे चार-पाच रविवार गेले आणि एका सोमवारी जयाताईंचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर त्या म्हणाल्या, "हेमाताई, एक विचारायचं होतं. आमचे हे तुमच्याकडून आले की त्यांच्या सदऱ्याला टिपणीसांच्या त्या सेंटचा वास येतो."

"हो का?" हेमाताई सावध झाल्या. "मिठी मारतात ना एकमेकांना."

"तेच म्हणाले हे. पण अद्वयपण हल्ली तोच लावतो, ब्रिगेडियर. तुमच्या यांनीच दिलाय. त्याला टरबुजाचा वास येतो. कंपनी सासऱ्याला एक आणि जावयाला एक असं वेगवेगळं भरून देते का हो?"

हेमाताईंनी टिपणीसांकडे पाहिलं. टिपणीसांनी पेपर आणखी वर धरला.

"बरं, असू दे," जयाताई शांतपणे म्हणाल्या. "येत्या रविवारी यांच्याबरोबर मीपण येतेय. माझ्यासाठी वेगळं काही करू नका. वीस वर्षं दर बुधवारी घरी येणारा तो वास कशाचा होता, ते एकदा ताटात बघते."